लेक्चर बघायचंय? आधी अंगठा द्या!

आमच्या अब्बांनी इचलकरंजीत छत्तीस वर्षं लूम चालवले. तुटलेला धागा बोटांनी चाचपून शोधायचा, गाठ मारायची, पुन्हा लूम सुरू करायचा. दिवसातून हे किती वेळा केलं असेल त्याचा हिशेब नाही. आज रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांनी अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, जुळत नाही. मग दुसरा अंगठा. मग तर्जनी. मग दुकानदार फडक्याने बोट पुसायला सांगतो. मागे रांग वाढत असते. कधी तिसऱ्या प्रयत्नाला जमतं, कधी "चाचा, दुपारी या" असं ऐकून ते रिकामी पिशवी घेऊन घरी येतात.

पण हा लेख रेशनवर नाही. तो गेल्या वर्षी पुण्यात झालेल्या एका मीटिंगवर आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कंपनीकडे एक क्लायंट आला. स्पर्धा परीक्षा आणि नीटची व्हिडिओ लेक्चर्स विकणारं अॅप, नाव सांगत नाही. त्यांचं दुखणं खरं होतं. सकाळी दहाला अॅपवर लेक्चर आलं की संध्याकाळी ते टेलिग्रामवर फुकट फिरत असायचं. भूगोल शिकवणारे एक सर स्वतः मीटिंगला आले होते. रात्री अकरापर्यंत रेकॉर्डिंग करतो, नकाशे स्वतः काढतो, आणि माझ्याच लेक्चरच्या चोरलेल्या कॉपीवर दुसरा कोणीतरी जाहिरातीचे पैसे कमावतो, असं ते सांगत होते. बोलताना त्यांचा आवाज चढला होता. मला ते अजून आठवतं.

क्लायंटची मागणी साधी होती. विद्यार्थ्याने प्रत्येक लेक्चरआधी बोटाचा ठसा द्यायचा. ठसा जुळला तर व्हिडिओ चालेल, नाही तर नाही. पासवर्ड मित्राला देता येतो, बोट देता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला एकदम पटतो. मला त्यावर टिपण लिहायला सांगितलं गेलं. मी चार पानं लिहिली आणि शेवटी म्हटलं, हे करू नका. का, ते तुमच्यापुढे मांडावंसं वाटतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये अशी दोन-तीन अॅप्स आहेत, आणि ही मागणी आज ना उद्या तुमच्याकडेही येणार आहे.

आधी एक कबुली. मी काही पायरसीपासून दूर राहिलेली सोवळी बाई नाही. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर लॅनवरून सिनेमे फिरायचे, त्यातले अर्धे मीही पाहिलेत. हजार रुपयांच्या पुस्तकाची दीडशेची झेरॉक्स घेऊन मी तीन सेमिस्टर काढली. तेव्हा दुसरा रस्ता नव्हता, हे खरं आहे. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याला माझ्याकडून एक रुपया मिळाला नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा चोरी हा गुन्हाच नाही, असं मी म्हणणार नाही. माझं भांडण कुलपाशी आहे.

ही कल्पना नवीन नाही. 2004 मध्ये व्हेरीटच नावाच्या कंपनीने आयव्ह्यू नावाचा प्लेअर आणायचं ठरवलं होतं. गाणं विकत घेतलेल्या माणसाचं बोट लागल्याशिवाय ते वाजणार नाही, अशी त्याची रचना. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत प्रा. रजित गढ यांच्या गटाने डीव्हीडीसाठी असंच काहीसं मांडलं. दुकानात डीव्हीडी घेताना ग्राहकाने पासवर्ड किंवा बोटाचा ठसा द्यायचा, तो डीव्हीडीवरच्या आरएफआयडी चिपमध्ये लिहायचा, आणि घरी प्लेअरने ती चिप वाचून पुन्हा बोट मागायचं. म्हणजे तुम्ही घेतलेली डीव्हीडी तुमची बहीण तुमच्याशिवाय बघू शकणार नाही! लायब्ररी, उसनवारी, जुन्या पुस्तकांच्या बाजारासारखा जुन्या डीव्हीडींचा बाजार, सगळं एका फटक्यात बंद. यातलं काहीही आपल्या घरांपर्यंत पोहोचलं नाही.

आता तांत्रिक भाग. थोडा धीर धरा, कारण सगळी मेख इथेच आहे.

तुमच्या फोनमध्ये बोटाचा ठसा असतो तो कुठे असतो? अॅपकडे नसतो. फोनच्या आत एका वेगळ्या, बंदिस्त भागात असतो. बँकेचं अॅप जेव्हा "बोट ठेवा" म्हणतं, तेव्हा ते फोनला विचारतं आणि फोन फक्त "हो" किंवा "नाही" सांगतो. ठसा कोणाचा, हे अॅपला कधी कळतच नाही. आयफोनच्या टच आयडीत पाच ठसे नोंदवता येतात. ती पाचही बोटं एकाच माणसाची असावीत असा नियम नाही. आमच्या घरातल्या टॅबमध्ये माझं, माझ्या भावाचं आणि भाचीचं, अशी तिघांची बोटं आहेत.

म्हणजे क्लायंटला जे हवं होतं, एक कोर्स म्हणजे एक माणूस, ते फोनच्या ठशाने होतच नाही. फोनचा ठसा फार तर एवढंच सांगतो की हा फोन ओळखीचा आहे. ते तर बोट न मागताही कळतं.

मग दुसरा मार्ग उरतो. ठसा फोनमध्ये ठेवायचा नाही, कंपनीच्या सर्व्हरवर न्यायचा. विद्यार्थी कुठल्याही फोनवरून आला तरी त्याचं बोट सर्व्हरवरच्या ठशाशी ताडून पाहायचं. त्यासाठी वेगळं स्कॅनर यंत्र लागतं, तो खर्च वेगळाच. पण समजा केला. तर आता भूगोलाचं लेक्चर राखण्यासाठी एका खाजगी कंपनीकडे लाखभर मुलामुलींच्या बोटांचे ठसे जमा झाले. नीटचा क्लास लावणारी बहुतेक मुलं अकरावी-बारावीची, म्हणजे अठराच्या आतली.

यातला पहिला मार्ग कुचकामी आहे आणि दुसरा धोकादायक. तिसरा मला सापडला नाही. ठशाचीच किल्ली करून फाईल कुलूपबंद करायच्या काही गणिती युक्त्या आहेत, संशोधक त्यावर वीसेक वर्षं काम करताहेत. पण बोट दर वेळी थोडं वेगळं पडतं, वाकडं, ओलं, कमी दाबाने, आणि किल्लीला तर अक्षर न अक्षर तेच लागतं. त्या युक्त्या जमल्या तरी पुढची अडचण सुटत नाही.

पुढची अडचण अशी. बोट जुळलं, कुलूप उघडलं, व्हिडिओ सुरू झाला. आता तो पडद्यावर दिसतोय, कानाला ऐकू येतोय. समोर दुसरा फोन ठेवा आणि रेकॉर्ड करा. झालं. माणसाला दिसावं म्हणूनच जी गोष्ट बनवली आहे ती कॅमेऱ्याला दिसू नये, असं कोणतंही कुलूप करू शकत नाही. आणि लाख विद्यार्थ्यांपैकी एकानेच हे केलं तरी पुरतं. त्यानंतर टेलिग्रामवर जी फाईल फिरते तिला ना बोट लागतं, ना लॉगिन. पैसे भरलेला विद्यार्थी रोज अंगठा दाबत बसतो आणि फुकट्याला थेट व्हिडिओ मिळतो. शिक्षा नेमकी कुणाला झाली?

डीव्हीडीच्या कुलपाचं हेच झालं. 1999 मध्ये डीसीएसएस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बाहेर आला आणि जगातल्या सगळ्या डीव्हीडींचं कुलूप कायमचं उघडलं. त्यात नाव आलेला योन लेक योहानसेन हा नॉर्वेजियन मुलगा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता, आणि पुढे तिथल्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. 2005 मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडींमधून ग्राहकांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक प्रोग्रॅम घुसवला, कॉपी रोखण्यासाठी. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने तो उघड केला. त्या प्रोग्रॅमच्या आडोशाला व्हायरसही लपू लागले, आणि कंपनीला सीड्या परत मागवाव्या लागल्या. फसले कोण? ज्यांनी दुकानात जाऊन रीतसर सीडी विकत घेतली ते!

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 2016 मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला. त्या कॉपीवर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. म्हणजे ती प्रेक्षकाकडून फुटली नव्हती, एकही तिकीट विकलं जाण्याआधी आतल्या साखळीतून फुटली होती. प्रेक्षकांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले असते तरी काय उपयोग होता?

ठसा म्हणजे गुपित, हा समजही काढून टाका. पासवर्ड डोक्यात असतो. ठसा तुम्ही चहाच्या ग्लासवर, दाराच्या कडीवर, मोबाईलच्या काचेवर दिवसभर सोडत फिरता. 2002 मध्ये जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनची, म्हणजे जेली बनवायच्या पदार्थाची, बोटं तयार केली आणि 11 ठसा-यंत्रांना फसवून दाखवलं. 2013 मध्ये आयफोन 5एस बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने त्याचं टच आयडी खोट्या बोटाने उघडलं. 2014 मध्ये त्याच क्लबच्या यान क्रिसलरने तेव्हाच्या जर्मन संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा नुसत्या फोटोंवरून काढल्याचं सांगितलं. आपल्याकडे तर इतकी हुशारी लागलीही नाही. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांच्या प्रतींवर अंगठे उमटलेले असतात. त्यावरून सिलिकॉनचे ठसे करून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी अनेक राज्यांत पोलिसांकडे नोंदल्या गेल्या आहेत.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. 2015 मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी कार्यालयातून 56 लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. त्या लोकांनी काय बदलायचं? एका महासत्तेच्या सरकारला जे जपता आलं नाही, ते पुण्यातलं भाड्याच्या सर्व्हरवर चालणारं चाळीस माणसांचं अॅप जपेल, यावर मी सही करणार नाही.

आणि मग अब्बांचं बोट.

ठसा जुळवणारं प्रत्येक यंत्र एका मर्यादेवर चालतं. किती साम्य म्हणजे "जुळलं", हे कुणीतरी ठरवतं. मर्यादा कडक ठेवली तर खोटं बोट आत येणार नाही, पण खरी माणसंही बाहेर राहतील. सैल ठेवली तर उलट. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये मीच टाकते, माझ्यासारखेच टाकतात. कीबोर्डवर काम करणाऱ्याचं बोट मऊ असतं, रेषा स्वच्छ असतात, टेस्टिंग त्याच बोटांवर होतं. विडी वळणारी, भांडी घासणारी, चुन्या-सिमेंटमध्ये काम करणारी, लूमवर गाठी मारणारी बोटं टेस्टिंगला नसतात. दिवसा सेंट्रिंगचं काम करून रात्री पोलीस भरतीचा अभ्यास करणारा मुलगा फी भरूनही "जुळत नाही"च्या पाटीपुढे बसेल. त्याला दुपारी या म्हणायला दुकानदारही नसेल.

आपल्या मराठीत अंगठेबहाद्दर हा शब्द निरक्षर माणसाला टोमणा मारायला वापरतात. माझ्या दादीने साठाव्या वर्षी सही शिकून घेतली, बँकेत अंगठा लावायची लाज वाटायची म्हणून. आता तिच्या पणतवंडांना अभ्यास करण्यासाठी अंगठा मागितला जातोय.

अंगठ्याचा इतिहासही आपल्याच भूमीतला आहे, आणि त्यातलं एक नाव तुम्ही ऐकलं नसेल. बंगालमध्ये 1858 मध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला, तो नंतर शब्द फिरवेल म्हणून. पुढे 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. हजारो ठशांतून एक शोधायचा कसा, हा प्रश्न होता. तो सोडवणारं गणित मांडलं काझी अझीझुल हक यांनी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला हा तरुण पोलीस खात्यात होता. 32 गुणिले 32, एकूण 1024 खण, आणि प्रत्येक ठशाला त्यात जागा. हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी. जगभर ती पद्धत त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावाने गाजली. म्हणजे ज्या लेखकाचं काम चोरीला जाऊ नये म्हणून आज बोटांचे ठसे मागताहेत, त्या ठशांच्या शास्त्रातच एका माणसाचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं! असो. मुद्दा असा की ठसा जन्माला आला तोच अविश्वासातून. तो रयतेचा घ्यायचा, कैद्यांचा घ्यायचा. साहेब आपला ठसा देत नसे, सही करत असे.

एका कामासाठी घेतलेली माहिती त्याच कामापुरती राहत नाही, हे आपल्याला तरी समजावून सांगायला नको. मार्च 2020 मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की दिल्लीच्या दंगलीतले चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मतदार ओळखपत्रं आणि ड्रायव्हिंग लायसन्सची माहिती घातली आहे. गुन्हेगार पकडू नये असं कोण म्हणेल? पण ज्याने स्कूटर चालवता यावी म्हणून फोटो दिला, त्याला कुणी विचारलं नव्हतं. क्लासच्या अॅपकडचा ठसाही उद्या कुणाच्या हाती जाईल, कंपनी विकली गेली तर कुणाच्या मालकीचा होईल, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

कायदा काय म्हणतो? 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. 2018 च्या आधार निकालात खाजगी कंपन्यांना कराराच्या नावाखाली आधार मागू देणारी तरतूद कोर्टाने काढून टाकली. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती कामापुरतीच घ्यावी, संमती मोकळेपणाने दिलेली असावी, अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी, असं आहे. पण बोटाचा ठसा आणि ईमेल पत्ता यांत हा कायदा फरक करत नाही. हे मला त्यातलं मोठं भोक वाटतं. दुसऱ्या बाजूला, 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात आलेल्या 65अ कलमानुसार कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुलपाला संरक्षण आहे. कुलपासाठी दिलेल्या बोटाला तेवढं नाही.

मग भूगोलाच्या सरांनी काय करायचं? हा प्रश्न मी टाळला असता तर टिपणाला काही किंमत नव्हती. मी लिहिलं की ठसा घ्यायचाच असेल तर माणसाचा नको, व्हिडिओचा घ्या. यूट्यूब 2007 पासून कंटेंट आयडीत तेच करतं. आवाज आणि चित्राची खूण काढून ठेवायची आणि कुणी तोच व्हिडिओ चढवला की पकडायचा. त्यातही चुका होतात, खोटे दावे होतात, पण चूक झाली तर व्हिडिओ उतरतो, माणसाचं शरीर गहाण पडत नाही. दुसरं, प्रत्येक विद्यार्थ्याच्या कॉपीत डोळ्यांना न दिसणारी वेगळी खूण घाला. फाईल फुटली तर कुठून फुटली ते कळतं. पूर्ण सुरक्षित तेही नाही, पण लाख लोकांवर संशय घेण्याऐवजी ते फोडणाऱ्यापर्यंत नेतं. तिसरा मुद्दा मीटिंगमध्ये कुणाला आवडला नाही, तो किमतीचा. मिरजेला माझ्या खालाचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र मिळून एक कोर्स घेतात, कारण प्रत्येकी नऊ हजार कुणाकडेच नाहीत. त्यांना तिघांचा स्वस्त प्लॅन द्या, ते तिघे उद्यापासून रीतसर ग्राहक होतील. ॲपलने 2009 मध्ये आयट्यून्सच्या गाण्यांवरची कुलपं काढली. त्याने संगीताचा धंदा बुडाला नाही. लोकांना सोपं आणि परवडणारं मिळालं तर बहुतेकजण पैसे देतात.

एकत्र बसून बघण्याला आपल्याकडे मोल आहे, हेही मला लिहायचं होतं, पण टिपणात जागा नव्हती. मालेगावचे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. तिथे सिनेमे बघून बघून त्यांना स्वतःचा सिनेमा काढावासा वाटला आणि 'मालेगाव के शोले' झाला. फैझा अहमद खान यांनी त्या दुनियेवर माहितीपट केला, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा सिनेमा थिएटरात लागला. पार्लरचा धंदा काही सगळाच कायदेशीर नसायचा, ते मला माहीत आहे. पण एक सिनेमा म्हणजे एक बोट असं कुलूप त्या काळी असतं तर मालेगावात सिनेमा बघितला कुणी असता आणि काढला कुणी असता?

टिपणाचं काय झालं ते सांगते. ठशाची कल्पना क्लायंटने सोडून दिली. माझ्या युक्तिवादाने नाही. वेगळ्या स्कॅनरचा खर्च प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती येतो तो आकडा तिसऱ्या पानावर होता, तिथेच त्यांचं वाचन थांबलं. अदृश्य खुणेचं काम मात्र त्यांनी आम्हालाच दिलं. दोन महिन्यांनी एक फाईल फुटली तेव्हा खुणेवरून कळलं, ती क्लासच्याच एडिटिंग टीममधल्या कॉम्प्युटरवरून गेली होती.

तुमच्याकडे कुणी ठसा मागितला तर एवढं विचारा. तो फोनमध्येच राहणार की सर्व्हरवर जाणार? कोर्स संपल्यावर पुसणार का, आणि ते लिहून देणार का? ठसा न देता पासवर्डने किंवा ओटीपीने चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा. आणि घरच्या मोठ्यांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. यूआयडीएआयच्या वेबसाइटवर किंवा एमआधारवर ती सोय फुकट आहे.

मी अब्बांचं केलं. मग लक्षात आलं, लॉक केल्यावर रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. त्यामुळे दर महिन्याला ते दुकानाच्या रांगेतून मला फोन करतात. मी पुण्याहून लॉक उघडायला घेते, ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि ते एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे त्यांना मीच शिकवलंय.